हजेरीतलं अर्धं नाव

मी मडिवाळप्पा वल्द गुरुपादप्पा, वय वर्षे एकसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे करडहळ्ळी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, हा कागद माझ्या ओसरीवर बसून, डोकं जाग्यावर असताना आणि कोणाच्या धाकात न येता लिहवून घेतो. वकीलसाहेब रिवाजाप्रमाणे "शरीरप्रकृती उत्तम" असं घालणार होते, ते मी काढायला लावलं. लातूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरून माझं काळीज वाढलं आहे असं सांगितलं. ते ऐकून माझी बायको शरणम्मा म्हणाली, चला, उशिरा का होईना. तेव्हा प्रकृती उत्तम नाही, पण अक्कल ठिकाणावर आहे, आणि ती ठिकाणावर यायला मला चौदा वर्षं लागली, हेही लिहावं.

जिल्हा लातूर हे पाच वर्षांपासूनचं. त्याआधी आम्ही उस्मानाबादेत होतो. मी गुन्हा केला एका जिल्ह्यात आणि मरणार दुसऱ्या जिल्ह्यात, घर मात्र वीतभरही हललेलं नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात हेच खरं मानावं.

कलम १. राहतं घर, दगडमातीचं, वर पत्रे. चतुःसीमा: पूर्वेस देवळाची मोकळी जागा, पश्चिमेस चुलतभाऊ गुंडप्पाची भिंत (तिचा गिलावा माझ्या अंगणात पडतो, याची तक्रार मी वीस वर्षं करून थकलो), उत्तरेस हौद, दक्षिणेस सार्वजनिक बोळ. हे घर शरणम्माच्या हयातीत शरणम्माचं. तिच्या पश्चात मुलगा सिद्धलिंग याचं. तिला घरातून ऊठ म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही, सुनेलाही नाही.

"दक्षिणेस सार्वजनिक बोळ" हे वाचून झालं तेव्हा मी वकीलसाहेबांना थांबवलं. आमच्या गावात या वाटेला गल्ली म्हणतात. आमचं घर कानडी बोलणारं, घरात आम्ही ओणि म्हणतो. तिला बोळी म्हणणारा माणूस या गावात एकच येऊन गेला. त्या एका शब्दासाठी मी हा कागद करतो आहे, बाकी कलमं त्याच्या सोबतीला आहेत. म्हणून शेताआधी ते लिहावं.

कलम २. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. त्र्याहत्तरच्या मार्चपर्यंत विहिरीत दगड दिसायला लागले आणि जमीन असलेले, नसलेले सगळेच त्या कामावर गेलो. तिथे हजेरी घ्यायला श्री. नरसिंग ज्ञानोबा हे नायगावकडचे गृहस्थ नेमले होते. वय पंचविशीच्या आत, मॅट्रिक झालेले, बौद्ध समाजाचे. या कागदात मी त्यांना अहोजाहो करतो आहे. तेव्हा करत नव्हतो.

त्यांचा आवाज असा होता की बांधाच्या एका टोकाला नाव पुकारलं तर दुसऱ्या टोकाला खडी फोडणारी बाई मान वर करायची. ते नाव पुकारायचे आणि आम्ही "हाजिर" म्हणायचं. माझ्या गड्याचं नाव आणि माझं नाव ते एकाच सुरात पुकारायचे. त्यात त्यांचा काही उर्मटपणा नव्हता, हजेरी तशीच घेतात. पण मला ते सोसत नव्हतं. ज्याने माझ्या ओसरीखाली उभं राहायचं त्याला मी रोज सकाळी "हाजिर" म्हणायचं, ही गोष्ट मी महिनाभर दातांखाली धरली होती. कोर्टात मी हे सांगितलं नाही. इथे सांगतो.

गुन्हा घडला त्या दिवशी कामावर आणखी एक मडिवाळप्पा पहिल्यांदाच आला. तो वेशीजवळ राहतो. एका नावाचे दोन झाले, तेव्हा नरसिंग यांनी आपल्या सोयीसाठी त्यांना खुणा लावल्या: एक वेशीजवळचा, एक बोळीतला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी वेशीचा पुकारला असता तर मला उलगडा झाला असता. त्यांनी आधी मला पुकारलं.

"बोळी म" एवढं माझ्या कानावर आलं.

जे कानडी जाणत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. कानडीत बोळी म्हणजे डोकं भादरलेली विधवा, आणि बोळीमगा म्हणजे तिचा मुलगा. आमच्या भागात याहून घाण शिवी नाही. आमच्या समाजात विधवेचे केस कधी काढत नाहीत, तरी शिवी आहेच, शिवीला रीतिरिवाज लागत नाही. माझी आई गंगम्मा मी सहा महिन्यांचा असताना विधवा झालेली.

माझ्या हातात फावडं होतं. दांड्याकडून मी ते त्यांच्या तोंडावर मारलं. जबडा दोन जागी मोडला, तीन दात पडले, जीभ बाजूने फाटली. त्यांच्या हातातला मस्टर चुन्याच्या फक्कीत पडला. बायका ओरडल्या. पुढची नावं त्या दिवशी कोणी पुकारली नाहीत.

अकराव्या दिवशी मस्टरवर सह्या करायला बोलावलं. मी चार यत्ता उर्दूत शिकलो, पण मराठी अक्षर ओळखतो. नरसिंग यांचं अक्षर वळणदार होतं. लिहिलं होतं, "मडिवाळप्पा (बोळी)" आणि त्याखाली "मडिवाळप्पा (वेस)". मी बाजूच्या माणसाला विचारलं, बोळी म्हणजे काय. तो म्हणाला, "नायगावकडं गल्लीला म्हणतेत की. तुमी बोळीत राहता न्हाई का?"

म्हणजे ते माझंच नाव घेत होते. मी त्यांना ते पुरं करू दिलं नाही.

कलम ३. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती जात्याशी बसली होती. तोवर ती माझ्याशी बोलतच नव्हती, मला वाटायचं घाबरली असेल. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती जे बोलली ते कानडीत बोलली, मी मराठीत देतो. "मगा, त्यानं शिवी दिली असती तर ती मला दिली असती. माझी होती ती. मी उचलली न्हाई, तू कशाला उचललीस?"

मगा म्हणजे मुला. ती मला जन्मभर त्याच हाकेने बोलवत आली.

ती म्हणाली होती, दवाखान्यात जा आणि त्या पोराच्या आईच्या पाया पड. मी गेलो नाही. केस उभी राहिली तेव्हा वकिलांनी (हे नव्हेत, ते वारले) मला विचारलं, चिथावणी काय होती? आईवरून शिवी असेल तर शिक्षा हलकी होते, कायद्यात तशी सोय आहे. मी म्हणालो, शिवी होती. ते म्हणाले, पूर्ण सांगा. मी पूर्ण सांगितली. "बोळी म" पर्यंत नरसिंग यांचं होतं. पुढचं "गा" मी घातलं. मला खरं ठाऊक असताना, शपथेवर, कोर्टासमोर घातलं. गुंडप्पाने आणि आणखी दोघांनी साक्ष दिली की त्यांनीही तसंच ऐकलं. नरसिंग यांचा जबडा तारेने बांधलेला होता. त्यांनी खूप सांगायचा प्रयत्न केला, पण कोर्टाला त्यांचं बोलणं कळेना, लिहून घ्यायला कोणी थांबलं नाही, आणि केस उभी राहीपर्यंत चुन्याने ओल धरून मस्टरची पानं चिकटली होती, ती कोणी सोडवून पाहिली नाहीत.

मला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत मी बाकावर बसून राहिलो, गुंडप्पाने आणलेली केळी खाल्ली आणि शेवटच्या गाडीने गावी आलो. वेशीत लोकांनी पान-सुपारी दिली. आईसाठी हात उचलणारा मुलगा म्हणून माझं नाव झालं. माझी आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. माझ्या हातचं पाणी तिने घेतलं नाही, सुनेच्या हातचं घेतलं.

कलम ४. पुढे लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या, माणसं हवी होती. नरसिंग एका कचेरीत पुकारा करणाऱ्या शिपायाच्या जागेसाठी गेले होते, हे मला फार मागाहून कळलं. लोकांची नावं मोठ्याने पुकारायची एवढंच काम. त्यांच्यापुढे यादी ठेवली आणि वाच म्हणाले. त्यांच्या तोंडून ळ निघत नाही, ठ निघत नाही, ओठ एका बाजूला ओढले जातात. यादी वाचून व्हायच्या आधीच त्यांना बसा म्हणाले. ज्याच्या आवाजाने अख्खा तलाव मान वर करायचा, तो माणूस अर्धापूरला केळीचे घड उतरवायला लागला, कारण तिथे बोलावं लागत नाही.

हे ऐकूनही मी गेलो नाही. तोवर माझ्याजवळ एक पळवाट होती, ती इथे मांडतो, कारण ती बऱ्याच जणांजवळ असते. मी स्वतःला म्हणायचो, माझी चूक ऐकण्यात झाली, मारण्यात नाही. खरोखर शिवी दिली असती तर मारणं रास्तच होतं. कोणता लेक ऐकून घेईल? या उशीवर डोकं ठेवून मी बारा वर्षं झोपलो.

ती उशी माझ्या मुलाने काढली. दोन वर्षांपूर्वी उदगीरच्या मोंढ्यात एका हमालाने सिद्धलिंगला काही तरी म्हटलं. सिद्धलिंगने लोखंडी माप त्याच्या हातावर घातलं, दोन बोटं गेली. मी त्याला बोलायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "अप्पा, तुमी आज्जीसाठी फावडं उचललं. मी बी तुमचाच हाय." त्याला ते भांडण वाटत नव्हतं, वारसा वाटत होता. काय म्हणाला रे तो हमाल, असं मी विचारलं, तर त्याला धड आठवेना. शब्द विसरला होता, मारल्याचं तेवढं लक्षात होतं. मला तेव्हा लख्ख कळलं की माझंही तेच होतं. हात आधीच शिवशिवत होता. शब्द नुसता वाटेत सापडला.

सिद्धलिंग, तुला देण्यासारखी गोष्ट मी तुला दिली नाही आणि नको ती दिली. ती मी या कागदाने परत घेतो. तू ती ठेवू नयेस अशी माझी अट आहे. अशी अट कायद्यात टिकत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. तरी लिहा म्हटलं.

कलम ५. मागच्या महिन्यात मी अर्धापूरला गेलो. शरणम्मा सोबत होती, मी वाटेतून परत फिरेन अशी तिला खात्री होती. नरसिंग यांचं घर केळीच्या वखारीमागे आहे. त्यांच्या पत्नी पंचशीलाबाईंनी आम्हाला पाणी दिलं. मी ते प्यायलो, आणि माझी आई आठवली.

मी त्यांना म्हणालो, तलावाखालची दोन एकर जमीन तुमच्या नावे करतो. त्या तलावानेच माझ्या विहिरीला पाणी आणलं आहे, यंदाही, सगळ्या शिवारात ठणठणाट असताना, त्या विहिरीत दोन परस, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, पाणी आहे. ज्यांनी हजेरी घेतली त्यांचा त्यावर हक्क आहे. त्यांचं बोलणं सावकाश ऐकावं लागतं, पण कळतं. कोर्टाला कळलं असतं, घाई नसती तर.

ते म्हणाले, "जमीन नको. कोर्टात लिव्हलंय की नरशानं विधवा बाईवरून शिवी दिली. माही माय भामाबाई, तिचा बी नवरा मी रांगत असतानाच गेला. तिच्या कानावर ते गेलं. मी म्हनलो न्हाई, हे तिला धड सांगता बी येईना मला. मरंपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघून राहिली. ते खोडा."

मी म्हणालो, जुनी केस आता उघडत नाही, वकिलाला विचारलंय.

"मग दुसऱ्या कागदावर लिव्हा," ते म्हणाले.

उठताना माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, तुम्ही खरंच शिवी दिली असती तर माझं मारणं रास्त झालं असतं का? मला वाटतं मी अजूनही पळवाटच शोधत होतो, त्यांच्या तोंडून. ते पहिल्यांदाच हसले. एका बाजूनेच हसू येतं त्यांना.

"तुमच्या वेशीत पाय ठेवल्यापासून लोक मला काय काय म्हनत होते," ते म्हणाले. "तुमी बी. रोज. मी त्यापायी फावडं उचललं असतं तर करडहळ्ळीत एक जबडा शिल्लक राहिला असता का?"

त्यांचा प्रश्न मी तसाच इथे लिहवून घेतला.

कलम ६. शेत, गट नंबर एकशे चौदा, सगळं सिद्धलिंगला. तलावाखालच्या दोन एकरांविषयीचं कलम आधी होतं, ते मी खोडायला लावलं, त्याचं कारण शेवटी येईल. मात्र त्या विहिरीवर गावातल्या कोणत्याही माणसाला, कोणत्याही समाजाच्या, पाणी भरू द्यावं. हे मी आधीच करायला हवं होतं. सिद्धलिंगने त्या हमालाच्या घरी जावं. काय न्यावं ते मी सांगत नाही. मोकळ्या हाताने जाऊन आधी त्याला बोलू द्यावं.

मुलगी सिद्धम्मा, दिली औसा येथे, तिला माझ्या आईचा पितळी तांब्या. ज्यातलं पाणी आईने माझ्या हातून घेतलं नाही तोच. सिद्धम्माने तो घासून ठेवावा आणि वापरावा, फळीवर मांडू नये.

गुंडप्पाला माझा रेडिओ. गुंडप्पाला डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही, पण त्या दिवशी बांधाच्या पार पलीकडच्या टोकावरून त्याला चारही अक्षरं ऐकू आली, असं त्याने शपथेवर सांगितलं. माझ्यासाठीच सांगितलं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही, गिलाव्याचा तेवढा आहे. रेडिओ त्याने मोठ्याने लावावा.

फावडं: दांडा पोलिसांनी जप्त केला होता, पातं परत मिळालं. मी त्याला बाभळीचा दांडा बसवला आणि चौदा वर्षं वापरलं. शरणम्माने ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे मला बसवून पुरतील, तो खड्डा याच फावड्याने खणावा. नंतर दांडा काढून पातं लोहाराला द्यावं आणि शरणम्माला दोन खुरप्या करून द्याव्यात. गळ्यातलं लिंग माझ्यासोबत राहील, ते कोणाला देण्याचं नसतं.

शरणम्मा, तू मला एकदाही "तुमचं बरोबर होतं" म्हणाली नाहीस, आणि मी त्यावरून तुझ्याशी फार भांडलो. तुझंच बरोबर होतं.

कलम ७. माझ्या मागे जे जेवण होईल त्या दिवशी, पंगत बसण्याआधी, हा कागद वेशीत उभं राहून मोठ्याने वाचावा. निदान कलम दोन आणि तीन वाचावीत. ज्या वेशीत मला पान-सुपारी मिळाली त्याच वेशीत. नरसिंग ज्ञानोबा यांनी माझ्या आईला शिवी दिली नाही. त्यांनी कोणाच्याच आईला शिवी दिली नाही. ते हजेरी घेत होते. आणि दिली असती तरी माझा हात माझाच होता, तो त्यांनी उचलला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो आणि आधीची शपथ खोटी होती हेही शपथेवर सांगतो.

कलम ८. साक्षीदारांविषयी. मी म्हणालो होतो, जमीनही नरसिंग यांना द्यावी आणि साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच घ्यावी. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नये, नाहीतर उद्या भानगड होते, तेव्हा एकच काय ते ठरवा. मी ते पत्राने अर्धापूरला कळवलं. तीन ओळींचं उत्तर आलं, तेच वळणदार अक्षर. "जमीन नको हे आधीच सांगितलं. साक्ष द्यायची माझी तेव्हापासून राहिली आहे. कोणत्या गाडीने येऊ ते कळवा."

त्यांनी मला माफ केलं असा याचा अर्थ कोणी काढू नये. आज ओसरीवर मी माफी मागायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "ते राहू द्या. सही करा."

दुसरे साक्षीदार वेशीजवळचे मडिवाळप्पा, ज्यांच्या येण्याने मला खूण लागली. त्यांचा यात काही दोष नाही, तरी गेली चौदा वर्षं ते मला भेटले की उगाच ओशाळतात. त्यांनी आता ते थांबवावं.

येणेप्रमाणे वाचून घेतलं, समजून घेतलं, आणि खाडाखोड आहे ती माझ्या समक्ष झालेली आहे.

ठिकाण: मौजे करडहळ्ळी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक: ९ मे १९८७

मृत्युपत्र करून देणार:
(सही) मडिवाळप्पा वल्द गुरुपादप्पा

साक्षीदार:

१. (सही) मडिवाळप्पा बसवंत, राहणार वेशीजवळ, करडहळ्ळी. माझ्यासमोर सही झाली.

२. (सही) नरसिंग ज्ञानोबा, राहणार अर्धापूर, जिल्हा नांदेड. माझ्यासमोर सही झाली. सहीच्या आधी, मृत्युपत्र करून देणार यांच्या सांगण्यावरून, मी ओसरीवर उभं राहून हजेरी घेतली. माझ्या तोंडून ळ निघत नाही, ऐकणाऱ्याला "बोई मडिवायप्पा" असं ऐकू येतं. पण नाव शेवटपर्यंत पुकारलं. मध्ये कोणी अडवलं नाही. नाव पुरं झाल्यावर त्यांनी "हाजिर" म्हटलं.